नकाशे मास्तरांची शेवटची वाडी

आमच्या सरांना कोणी पत्ता विचारला, की मी हळूच तिथून सटकायचो. कारण सर पत्ता सांगायला बसले, की विचारणाऱ्याची एसटी हमखास चुकायची. एकदा औषधांच्या कंपनीचा एक माणूस शाळेत शिरला आणि त्याने सरकारी दवाखाना कुठे म्हणून विचारलं. दवाखाना आमच्या फाटकातून दिसायचा. पण सरांनी त्याला बसवलं, पाणी दिलं आणि सांगितलं, "आत्ता ज्या उंचीवर उभे आहात त्याच उंचीवरून चालत राहा. चढलात तर चुकलात, उतरलात तरी चुकलात." तो बिचारा शाळेला वळसा घालून ओढ्यापर्यंत गेला आणि बॅगेसकट परत आला. शेवटी मीच त्याला रस्त्यापलीकडे सोडून आलो.

सर अकोले गावच्या आमच्या शाळेत भूगोल शिकवायचे, मी मराठी. मी मूळचा देवळाली प्रवराचा. आमच्याकडे चढ म्हणजे कालव्याचा बांध, आणि डोंगर म्हणजे कारखान्याबाहेर ट्रॉल्यांवर रचलेला ऊस. तिथून मी उठून या डोंगराळ तालुक्यात आलो, आणि पहिल्याच आठवड्यात सरांच्या तावडीत सापडलो. माझ्या खोलीचा पत्ता विचारून ते म्हणाले, "तिथे नका राहू. ती जागा खोलगट आहे, पावसाळ्यात ओल येते. माझ्या शेजारची खोली रिकामी आहे, तिथे या." मी गेलो. ओल तिथेही यायचीच. पण सर शेजारी मिळाले, आणि शनिवारची अर्धी शाळा सुटल्यावर निवांत झोप काढायचं माझं सुख त्या दिवसापासून संपलं.

कारण होतं एक नकाशा. इंग्रजांच्या वेळचा, मोजणी खात्याने छापलेला, मागून कापड लावलेला मोठा कागद. पुण्याच्या जुन्या बाजारात सरांना तो मिळाला होता. आपल्या तालुक्याची डोंगराकडची बाजू त्यावर पुरी उतरली होती. उंची दाखवणाऱ्या तपकिरी रेषा डोंगराच्या अंगाने फिरायच्या, निळे ओढे, तुटक पायवाटा, देवळाची खूण, विहिरीची खूण, आणि जिथे वस्ती होती तिथे घरागणिक एक काळा ठिपका. सर त्याला 'शीट' म्हणायचे. ही शीट खताच्या धुतलेल्या गोणीत गुंडाळून काखेत मारलेली असायची. वाड्यावस्त्यांवरची माणसं सरांना नकाशे मास्तर म्हणायची, आणि सरांना ते मनातून आवडायचं.

सरांचा पण असा, की शीटवर जेवढ्या वाड्या आहेत त्या सगळ्या पायी जाऊन बघायच्या. बरं, नुसतं बघून भागत नसे. वाडी 'लागली' असं सर कधी म्हणत, तर तिथल्या चुलीचा धूर डोळ्यांनी बघितला आणि त्या चुलीवरचं काहीतरी पोटात गेलं तर. "नुसतं बघून आलो तर ती सहल झाली," असं त्यांचं म्हणणं. त्यामुळे मी त्यांच्याबरोबर नाचणीच्या भाकरी खाल्ल्या, वरईचा भात खाल्ला, खुरासणीची चटणी खाऊन डोळ्यांतून पाणी काढलं. लोकही असे, की मास्तर आले म्हटल्यावर उपाशी सोडायचे नाहीत. एका वाडीत लग्नाच्या पंगतीत आम्ही दोघं ओळखपाळख नसताना बसलो होतो. नवऱ्यामुलाने येऊन वाकून नमस्कार केला, तेव्हा सरांनी त्याला आशीर्वादाऐवजी त्याच्या वाडीची समुद्रसपाटीपासूनची उंची सांगितली.

खिशात कायम दोऱ्याचं रीळ. सरांच्या पत्नी गेल्यावर त्यांचं शिलाईमशीन सरांनी लेकीला दिलं, पण रिळं ठेवून घेतली. नकाशावरची पायवाट मोजायची तर सर दोरा त्या वाटेच्या वळणावळणाने बसवायचे, मग सरळ करून पट्टीला लावायचे. "एवढंच तर आहे," असं म्हणून ते निघायचे आणि मी मागून धापा टाकत जायचो. डोंगर चढायची त्यांची सगळी विद्या एका ओळीत होती : रेषा जवळ आल्या की चपला घट्ट करा, लांब गेल्या की गाणं म्हणा. सर स्वतः गायचे. आवाज असा, की करवंदीच्या जाळीतली पाखरं उठायची. मी मराठीचा मास्तर असल्यामुळे चुकलेले शब्द दुरुस्त करणं माझ्याकडे होतं.

या शीटच्या पायी सरांनी एकदा एक लग्न मोडलं होतं. आमच्या शाळेच्या शिपायाच्या मुलीला डोंगरातल्या एका वाडीचं स्थळ आलं. मुलगा चांगला, शेती बरी, पण शिपाई धास्तावलेला. म्हणाला, "सर, तुम्हाला सगळ्या वाड्या ठाऊक. जरा बघा की." ही वाडी नेमकी सरांची अजून लागली नव्हती. त्यांनी स्टाफरूममधल्या टेबलावर शीट पसरली, दोरा लावला, आणि हळहळले. विहीर वाडीच्या पार खाली होती आणि मधल्या रेषा एकमेकींना चिकटलेल्या. "पोरगी डोक्यावर हंडा घेऊन रोज हा चढ चढणार," सर म्हणाले, "मी तरी माझी मुलगी दिली नसती." शिपायाने नकार कळवला, आणि भोळेपणाने कारणही कळवलं.

आठवड्याच्या आत मुलाचा बाप शाळेत हजर. पांढरी टोपी, तांबारलेले डोळे. त्याने मोबाईल थेट सरांच्या नाकासमोर धरला. त्यात त्याच्या अंगणातला नळ धो धो वाहत होता आणि शेजारी नवरामुलगा बादली धरून मुकाट उभा होता.

"मास्तर," तो म्हणाला, "सौरपंप बसून सालं झाली आमच्याकडं. तुमचा नकाशा आमच्या आज्या-पंज्याच्या वक्ताचा. त्या विहिरीत आता झाडं उगावल्यात."

दुसरा कोणी असता तर 'असं होय' म्हणून विषय बदलला असता. सरांनी दुसऱ्याच दिवशी रजा टाकली, सकाळच्या एसटीने गेले, उरलेली वाट चालले, त्या नळाचं पाणी प्यायले, पंप बघितला, टाकीवर चढून आत डोकावले, आणि वाडी लागली म्हणून भाकरी खाऊन संध्याकाळी थेट शिपायाच्या दारात. "देऊन टाक पोरगी. नकाशा बरोबर होता, मीच त्याला त्याचं वय विचारलं नाही." मग दोन्हीकडे हेलपाटे घालून, टोपीवाल्याची समजूत काढून त्यांनी ते लग्न जमवलं. लग्नात मुलाचा बाप येईल त्या पाहुण्याला सरांकडे बोट दाखवून सांगत होता, मोडलं बी ह्यांनी आन् जोडलं बी ह्यांनी. पुढे गंमत अशी, की आणखी दोन मुलींचे बाप सरांकडे स्थळं घेऊन आले. सरांनी त्यांना चहा पाजून परत पाठवलं.

लेक पुण्याला. मंजू तिचं नाव, बँकेत मोठ्या हुद्द्यावर. बापावर जीव, पण बोलणं फटकळ. दर रविवारी तिचा फोन यायचा आणि भिंतीपलीकडून मला एकच बाजू ऐकू यायची, "येतो गं, शीट पुरी झाली की येतो." सर निवृत्त झाले तरी हेच. मंजूने पुण्यात त्यांच्यासाठी खोली तयार ठेवली होती, पडदे लावले होते. दिवाळीत वसुबारसेच्या आदल्या दिवशी सर पुण्याला जायचे, आणि फराळाचे डबे घेऊन भाऊबीजेनंतर परत यायचे. "बाबांना माझ्यापेक्षा ते ठिपके जवळचे," असं ती मला एकदा म्हणाली होती. हसत म्हणाली, पण ते हसणं काही खरं नव्हतं.

आणि शीट पुरी होण्याचं लक्षण नव्हतं. सगळ्या वाड्या लागल्या, एकच राहिली. तिचं नाव उंबरमाळ. डोंगराच्या वरच्या सपाटीवर सात ठिपके आणि एका देवाची खूण. सर तीन वेळा वर गेले, दोनदा मला घेऊन. वर काय, तर जोत्यांचे दगड, गवत, आणि शेंदूर लावलेला वाघदेव. धूर नाही, माणूस नाही. माणसं कधीच खाली सडकेला आली होती, त्यांची नवी वाडी झाली होती, शाळा होती, दिवे होते. नव्या वाडीत विचारलं, वर कोणी राहतं का, तर लोक म्हणायचे न्हाई, कोन राहनार. मी सरांना म्हटलं, वाडी उठली, विषय संपला, त्या जोत्यावर बसून आपला कांदा-भाकर खा आणि मोकळे व्हा. सरांनी माझ्याकडे असं बघितलं, जसं काही मी परीक्षेत कॉपी करायला सांगतोय. "चूल नाही तर वाडी नाही," ते म्हणाले आणि उतरायला लागले.

त्याच उतरणीवर त्यांचा गुडघा पहिल्यांदा बोलला. पुढे तर बोलतच राहिला. डॉक्टरांनी वाटी झिजली म्हणून सांगितलं, ऑपरेशन करायचं ठरलं, आणि मंजूने बापाला निर्वाणीचं विचारलं. दिवाळीनंतर ऑपरेशन आणि मग कायमचं पुणं, डोंगर बंद. सरांनी हो म्हटलं. अगदी साध्या आवाजात. शीट गुंडाळून गोणीत घातली आणि सामानाच्या तळाशी ठेवली. त्या दिवसांत सर पत्तासुद्धा नीट सांगायला लागले. कोणीतरी पोस्ट विचारलं तर म्हणाले, "ते बघा, समोर." मला इतकं वाईट वाटलं म्हणून सांगू.

दिवाळी आठवड्यावर आली असताना बाजारच्या दिवशी आम्ही भाजी आणायला गेलो. नव्या वाडीची हौसाबाई गुळाच्या दुकानापुढे उभी होती. सत्तरीची बाई, आम्ही तिच्या घरी कितीदा तरी जेवलेलो. तिने गुळाची आख्खी ढेप पाटीत घातलेली बघून सरांनी सहज थट्टा केली, एवढ्या गुळाचं काय, लग्न काढलं का कोणाचं.

"लगीन कुठलं," हौसाबाई म्हणाली. "वाघबारस न्हाई का आली. वर चुली पेटवायच्या, खीर नको करायला?"

सर थांबले. वर म्हणजे कुठे, असं त्यांनी विचारलं.

"उंबरमाळावर. घरं खाली आणली, देव थोडाच आणलाय. वाघबारशीला ज्यानं त्यानं आपल्या जुन्या जोत्यावर चूल मांडायची, खीर शिजवायची, देवाला दावायची आन् थितंच जेवायचं. सासुरवाशिनी बी येत्यात." मग तिने सरांकडे नवलाने बघितलं. "तुमाला म्हाईत न्हाई? तुमी इचारलं, वर कोन राहतं का. राहत तर कोनीच न्हाई."

आपली वसुबारस ती त्यांची वाघबारस. म्हणजे वर्षातून ज्या एका दिवशी उंबरमाळावर वाडी असायची, नेमके त्याच दिवशी सर पुण्यात लेकीकडे चकल्या खात बसलेले असायचे. आणि हे वर्षानुवर्षं! सर बाजारात भर गर्दीत मोठ्याने हसले. मग भाजीची पिशवी माझ्या हातात देऊन त्यांनी तिथूनच मंजूला फोन लावला.

ते बोलणं काही मी ऐकलं नाही, पण निकाल कळला. मंजूने परवानगी दिली, पण दोन अटींवर. हे शेवटचं, यानंतर डोंगराचं नाव काढायचं नाही. आणि ती स्वतः बरोबर येणार. "शीट पुरी होतेय ना, मग माझ्यासमोर होऊ दे," असं ती म्हणाली म्हणे. सरांनी शब्द दिला. सरांचा शब्द म्हणजे शब्द, हे त्या बापलेकीत पहिल्यापासून होतं. त्या आठवड्यात सर पोरासारखे वागले. शीट उन्हात टाकली, दोरा लावून ती वाट पुन्हा मोजली, जणू मधल्या काळात डोंगर आखडला असता.

गुडघ्याचं कसं, हा प्रश्न हौसाबाईच्या नातवांनी सोडवला. बांबूला घोंगडं बांधून त्यांनी डोली केली. या भागात आजारी माणूस, अडलेली बाळंतीण डोलीतूनच सडकेला येते. पोरं म्हणाली, आमची डोली आजवर खालीच गेली, वर जानारं तुमीच पयले. सर घोंगड्यात बसले, शीट मांडीवर पसरली आणि वाटेला सूचना देऊ लागले. आता रेषा जवळ येतील, जपून. आता ओढा लागेल. चार पावलांवर ओढा दिसतच असायचा. पोरं हसत होती, मंजू कपाळाला हात लावत होती, आणि मी नेहमीसारखा मागून धापा टाकत होतो. खडी चढण संपता संपता सरांनी एकदम शीटवरून मान वर केली. वरून लाकडाच्या धुराचा वास आला होता.

सपाटीवर आलो आणि मी चक्रावलोच. ज्या माळावर मी नुसते दगड बघितले होते तिथे जत्रेसारखी माणसं. प्रत्येक जोत्यावर तीन दगडांची चूल, चुलीवर पातेलं, भोवती लेकी, सुना, पोरंबाळं. भिंती नव्हत्या, तरी बायका आत-बाहेर करताना उंबऱ्याच्या जागेवरूनच जात होत्या. शेजारणीकडून मीठ मागायचं तर दारात उभं राहून मागायचं. सर डोलीतून उतरले आणि काठी टेकत एकेका घरापुढून चालले. शीटवर बोट ठेवायचे, समोर बघायचे. पहिलं, दुसरं, तिसरं. त्यांचा चेहरा असा झाला होता, की मी मंजूकडे बघितलं, तर तीही त्यांच्याकडेच बघत होती.

सातव्या ठिपक्याशी चूल नव्हती. कोपऱ्यातलं जोतं, त्यावर तीन काळे दगड, थंड. सरांनी हौसाबाईला विचारलं. तिने सांगितलं, त्या घरची माणसं कामाला नारायणगावाकडे गेली, ती गेली. म्हातारा-म्हातारी वारली, पोरांचा ठावठिकाणा नाही. दरसाल एवढी एक चूल गार राहते, आणि तिला ते बघवत नाही. मग तिने सरांना आपादमस्तक बघितलं, आपल्या चुलीतलं पेटतं लाकूड उचलून आणलं आणि त्यांच्यापुढे धरलं.

"मास्तर, तुमी पेटवा. आमचं समदं डोंगर तुमी फिरला. बसा ह्या घरात."

सरांचा हात पुढे झाला. तेवढ्यात ती म्हणाली, "पन एक हाय. ज्यानं पेटवली त्यानं दरसाल यायचं. एक साल पेटवून सोडायची न्हाई, देवाला चालत न्हाई."

हात तिथेच थांबला. उंबरमाळ लागली होती, शीट पुरी झाली होती, आजूबाजूच्या चुलींवर खिरी रटरटत होत्या, आणि सर त्या लाकडाकडे बघत उभे होते. त्यांना ते घर किती हवं होतं, हे सांगायला कोणी लागत नव्हतं. मग त्यांनी हात मागे घेतला आणि पाठीमागे बांधला.

"मला नाही पेटवता येणार, हौसाबाई," ते म्हणाले. "मी लेकीला शब्द दिलाय."

लाकूड जळत हौसाबाईच्या हातापर्यंत येत चाललं होतं. मी दुसरीकडे तोंड फिरवलं, कारण सरांकडे बघवत नव्हतं.

मंजूने खांद्यावरची पर्स काढून माझ्याकडे दिली. ओढणी कमरेला खोचली, जोत्यावर चढली आणि त्या तीन दगडांपुढे उकिडवी बसली.

"आणा ते इकडे," ती हौसाबाईला म्हणाली. आणि मग वर न बघता, "शब्द तुम्ही दिलाय, बाबा. मी कुठे दिलाय?"

पोरांनी काटक्या आणून टाकल्या. तिला चूल कुठली पेटवता येतेय, गॅसवर वाढलेली मुलगी. फुंकर घालून घालून डोळे लाल झाले, तोंडाला काजळी लागली, दोनदा विझली. कोणी मदतीला हात लावला नाही, तिचं तिलाच करायचं होतं. सर काठीवर भार देऊन उभे होते आणि उघड उघड रडत होते. मीही रडत होतो, आणि धुरावर ढकलायचीसुद्धा सोय नव्हती, कारण धूर अजून झाला नव्हता.

तिसऱ्यांदा लाकडाने पेट घेतला. कोपऱ्यातल्या जोत्यावरून धूर सरळ वर गेला. हौसाबाईने कमरेवर हात ठेवून तो बघितला आणि उरलेल्या सहा चुलींकडे वळून ओरडून सांगितलं, "खीर वाढू नका गं अजून. कोपऱ्यातल्या घरची मानसं आल्यात."